अर्धे पोटात, अर्धे डब्यात

अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमधले रात्रीचे जेवण संध्याकाळी साडेपाचला सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी संपते. मधला बहुतेक काळ ते फ्रिजमध्ये असते. टेबलाशी जातो जेमतेम दीड तास. पण तेवढ्यात समोर येणारे अन्न, बर्फ आणि प्रश्न यांचे प्रमाण एवढे असते की नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला हा सगळा प्रकार अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षे लागतात. त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना तो कधीच अंगवळणी पडत नाही. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासाला तेच जास्त उपयोगी.

पहिला घोळ वेळेचा. साडेपाच ही मराठी घरात चहाबरोबर चिवड्याची वाटी पुढे सरकवण्याची वेळ. तिथे मात्र त्या वेळी माणसे स्टेक कापत असतात. उपनगरातल्या किंवा लहान गावातल्या हॉटेलात रात्री साडेनऊला सहकुटुंब पोहोचलेल्या मराठी माणसाला आत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या दिसतात. दोनदा असे उपाशी परतल्यावर तो सुधारतो आणि शनिवारी सहालाच जातो. तेव्हा अख्खे गाव त्याच्या आधी येऊन बसलेले असते.

दारात पाटी असते, की बसवायला कोणी येईपर्यंत थांबावे. पुण्यामुंबईच्या गर्दीच्या हॉटेलांत रिकाम्या जागेचा शोध वेगळ्या रीतीने चालतो. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि त्याच्या ताटात ताकभात किती उरला आहे यावर डोळा ठेवायचा. बडीशेप आली की अर्धी खुर्ची आपली. अमेरिकेत असे मागे उभे राहिले तर जेवणारा घाबरतो. म्हणून तिथे हातात एक प्लास्टिकची चकती देतात; नंबर लागला की ती लाल उजेड टाकत थरथरू लागते. बाबांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात, हृदयाच्या बरोबर वर ठेवू नये, हे त्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

बसल्याबरोबर पाणी येते. ते फुकट असते आणि त्यात पाणी थोडे, बर्फ फार. बाहेर बर्फ पडत असला तरी पेल्यातला बर्फ कमी होत नाही. या बर्फाचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने दूरदेशी विकत असे. १८३३ मध्ये त्याचा माल कलकत्त्याला उतरला आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्याकडच्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवले आणि यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाली, हे ‘मुंबई समाचार’ने छापल्याची हकीकत मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. म्हणजे अमेरिकन बर्फाने घसा धरतो, हे आईंचे मत नुसते मत नाही, त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा छापील आधार आहे. आई कोमट पाणी मागतात. वेट्रेसला वाटते यांना चहा हवा आहे, म्हणून ती कपात उकळते पाणी आणि बशीत लिंबाची फोड घेऊन येते. मग आई उकळते पाणी आणि बर्फाचे पाणी एकमेकांत ओतून कोमट करून घेतात. या जेवणातला पहिला स्वयंपाक असा गिऱ्हाइकाच्या हातून होतो.

पाठोपाठ मेनू. काही साखळी रेस्टॉरंटांचा मेनू हा मेनू नसून ग्रंथ असतो. ‘चीजकेक फॅक्टरी’ हे नाव वाचून तिथे केक मिळत असेल असे कोणालाही वाटेल, आणि तो मिळतोही. पण १९७८ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये सुरू झालेल्या या दुकानाच्या मेनूत आज अडीचशेच्या आसपास पदार्थ आहेत. मेक्सिकन, इटालियन, थाई, सगळे एका बांधणीत. असा ग्रंथ समोर आला की मराठी कुटुंब तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, त्यावर चर्चा करते आणि मागच्या वेळी मागवले होते तेच मागवते.

मेनूत प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे असतात. एक किंमत, दुसरा उष्मांक. वीस किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी उष्मांक छापलेच पाहिजेत, असा नियम मे २०१८ पासून देशभर लागू आहे. शिवाय कुठेतरी बारीक अक्षरांत एक वाक्य असते, की सर्वसाधारण सल्ल्यासाठी माणसाला दिवसाला २,००० उष्मांक धरावेत. आता १८ डॉलरच्या पास्त्याची किंमत बाबा डॉलरला ८५ रुपयांच्या हिशेबाने मनात गुणतात. येतात १,५३०. शेजारी उष्मांकाचा आकडा असतो १,५०० च्या आगेमागे. दोन्ही आकडे जुळल्यामुळे बाबांची खात्री पटते, की हॉटेलवाल्यांनी भारतीय गिऱ्हाइकांसाठी रुपयांतही भाव लिहून ठेवला आहे, आणि वर तीस रुपयांची सूटही आहे.

शाकाहारी माणसाला या ग्रंथातली फार थोडी पाने उपयोगी पडतात, आणि त्यांतही गनिमी काव्याने लढावे लागते. भाज्यांचे म्हणून आलेले सूप कोंबडीच्या पाण्यात शिजलेले असू शकते. मेक्सिकन हॉटेलातल्या घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. सीझर सॅलड ही तर पाल्याची टोपली. पण तिच्यावरच्या रश्शात बहुधा अँचोव्ही नावाची मासळी वाटून घातलेली असते. हे सॅलड रोमच्या सीझरचे नव्हे. सीझर कार्डिनी नावाच्या हॉटेलवाल्याने ते मेक्सिकोतल्या तिहुआना गावी १९२० च्या दशकात प्रसिद्धीला आणले. हे ऐकून बाबांचे कुतूहल शमते, आईंची भूक जाते.

मग वेट्रेस येते. ती आपले नाव सांगते आणि आज आपली काळजी ती घेणार आहे असेही सांगते. बाबा उठून नमस्कार करतात आणि आपलेही नाव सांगतात. तशी तिकडे अपेक्षा नसते. सॅलडवर काय घालू, असे विचारून ती एका दमात रँच, ब्लू चीज, थाउजंड आयलंड, इटालियन, हनी मस्टर्ड, बाल्सामिक म्हणून टाकते. उडप्याच्या हॉटेलात ‘साधा, मसाला, म्हैसूर, रवा, रवा मसाला, ओनियन उत्तप्पा’ याच चालीत ऐकत वाढलेल्या माणसाला खरे तर हे जड जाऊ नये. फरक इतकाच, की उडप्याकडे शेवटी ‘साधा’ म्हणून सुटका होते. इथे साधे असे काही नसते. त्यामुळे जो शब्द शेवटी ऐकू आला तोच सांगितला जातो, आणि अमेरिकेतल्या मराठी पाहुण्यांमध्ये बाल्सामिक एवढे लोकप्रिय का, याचे उत्तर बहुधा इथे आहे.

मागवलेले यायच्या आधी न मागवलेले येते. स्टेकच्या हॉटेलात गरम पाव आणि लोणी, मेक्सिकनमध्ये टोपलीभर मक्याचे काप आणि साल्सा, ‘ऑलिव्ह गार्डन’सारख्या ठिकाणी पोटभर सॅलड आणि लांबट पाव, हवे तितक्या वेळा. थंड पेयाचा पेला अर्धा झाला की तो पुन्हा भरला जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. इथे मराठी मनाची खरी परीक्षा असते. फुकट मिळणारी वस्तू सोडायची नाही हा एक संस्कार, आणि पैसे देऊन घेतलेली वस्तू टाकायची नाही हा दुसरा. दोन्ही एकाच पोटावर येऊन आदळतात. फुकटाचा संस्कार आधी पोहोचतो. चौथा पाव संपत असताना मुख्य ताट येते.

आणि ते ताट म्हणजे परात असते. एका माणसाचा म्हणून दिलेला पास्ता एखाद्या घरात चौघांच्या भाताला लागणाऱ्या भांड्यातून येतो. बरिटो तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखा गुंडाळलेला असतो आणि तितकाच जपून उचलावा लागतो. सँडविच उभे असते. पडू नये म्हणून त्यात काठी खुपसलेली असते, आणि ते तोंडात कसे न्यावे याबद्दल मेनूत एक अक्षर नसते. शेजारी बटाट्याच्या तळलेल्या कापांचा ढीग. आई एकदा ताटाकडे, एकदा मुलाकडे बघतात आणि हळूच विचारतात, “अरे, हे सगळ्यांचं मिळून आहे ना?” तेवढ्यात वेट्रेस उरलेली तीन ताटे घेऊन येते.

एवढे का वाढतात, याचे कारण यजमानांच्या मनापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त सापडते. हॉटेलच्या बिलात प्रत्यक्ष शिध्याचा खर्च साधारण एक तृतीयांश असतो. बाकी पगार, भाडे, वीज. मूठभर बटाटे जास्त घातले तर मालकाला काही सेंट पडतात, गिऱ्हाइकाला मात्र चार डॉलर वसूल झाल्यासारखे वाटते. डेव्हिड वॉलरस्टीन या सिनेमा थिएटरच्या व्यवस्थापकाला १९६० च्या दशकात ध्यानात आले, की लोकांना पॉपकॉर्न आणखी हवे असते, पण दुसरी पिशवी घ्यायला ते लाजतात. हावरट दिसायला नको म्हणून. त्याने एकच मोठी पिशवी ठेवली आणि विक्री वाढली. ही गोष्ट कोणत्याही मराठी वाढप्याने त्याला फुकट सांगितली असती. पंगतीत तिसरी जिलबी कोणी तोंडाने मागत नाही. ती पानात पडावी लागते.

फरक पडतो तो पडण्याच्या रीतीत. मराठी पंगतीत पोट भरले की नाही हे खाणारा एकटा ठरवत नाही, वाढपी आणि तो मिळून ठरवतात. पानावर आडवा धरलेला हात, “नको हो, खरंच नको”, “अर्धी तरी”, “आमच्या नावानं एक”, आणि शेवटी बोटांच्या फटीतून सुटलेला श्रीखंडाचा गोळा, इतक्या पायऱ्या त्यात असतात. पहिला नकार धरायचा नसतो, दुसराही नसतो; तिसरा ऐकून न ऐकल्यासारखा करायचा असतो. अमेरिकन हॉटेलात आग्रहाचे हे सगळे काम ताटाकडे सोपवलेले आहे. माणसे आग्रह करत नाहीत. ताट एकदाच करते, आणि एकदम करते. वेट्रेसने “आणखी काही?” विचारल्यावर रिवाजाप्रमाणे “नको” म्हटले की ती खरोखरच निघून जाते. ज्यांना आणखी एक लिंबाची फोड हवी होती, ते बघत राहतात.

ब्राझिलियन धर्तीची हॉटेले पंगतीच्या बरीच जवळ जातात. तिथे वाढपी लांब सळईला लावलेले भाजलेले मांस घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात आणि ताटात कापून घालतात. पोर्तु अलेग्रेत १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘फोगो दे शाव’ने १९९७ मध्ये टेक्सासात शाखा उघडून ही रीत अमेरिकेत चांगलीच रुजवली. प्रत्येकापुढे एक चकती असते. हिरवी बाजू वर म्हणजे वाढा, लाल बाजू वर म्हणजे पुरे. लाल केली की वाढपी खरोखर थांबतात. मराठी लग्नात ही चकती आली तर लाल बाजूचा अर्थ ‘जरा लाजतोय, वाढा’ असाच लावला जाईल, आणि ती मुद्दाम उलटी करून ठेवणाऱ्या विहीणबाई निघतील. पण मांस न खाणाऱ्या मराठी माणसाला या हॉटेलात सॅलडच्या टेबलाभोवतीच प्रदक्षिणा घालाव्या लागतात आणि चकती जेवणभर लाल ठेवावी लागते.

पैजेचे खाणेही तिथे आहे. टेक्सासात अमारिलो गावी ‘बिग टेक्सन’ हे हॉटेल १९६० पासून चालू आहे. तिथे ७२ औंसांचा, म्हणजे सुमारे दोन किलोचा स्टेक, त्याबरोबरची कोळंबी, भाजलेला बटाटा, सॅलड आणि पाव एवढे सगळे एका तासात संपवले तर पैसे पडत नाहीत. खाणाऱ्याला सगळ्यांसमोर उंचावर बसवतात आणि घड्याळ लावतात. जिलब्यांच्या आणि बुंदीच्या लाडवांच्या पैजा लावणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली. तिच्यापुढे हे घड्याळ ठेवले असते तर तिने मठ्ठा मागितला असता.

साधे गिऱ्हाईक मात्र परातीच्या तिसऱ्या हिश्शाशी थांबते. वेट्रेस अधूनमधून येऊन सगळे ठीक आहे ना, असे विचारते. हा प्रश्न नेमका तोंडात मोठा घास असतानाच येतो, म्हणून त्याला मानेनेच उत्तर देण्याची पद्धत पडली आहे. शेवटी ती ताटाकडे बोट दाखवून वेगळे विचारते. तिचे शब्द शब्दशः मराठीत आणले तर ते असे होतात: “अजून यावर काम चालू आहे का?” बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असतील तर त्यांना हा प्रश्न परिचयाचा वाटतो. ते खात्यातल्या सवयीने सांगतात, “चालू आहे.” काम प्रत्यक्षात अर्ध्या तासापूर्वीच बंद पडलेले असते.

पानात टाकू नये, हे वाक्य ज्यांनी लहानपणी रोज ऐकले त्यांचा प्राण इथे कंठाशी येतो. त्यांची सुटका करतो तो डबा. उरलेले घरी नेण्याच्या या सोयीला तिकडे ‘कुत्र्याची पिशवी’ म्हणण्याची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुटवडा होता आणि घरोघरच्या कुत्र्यांची आबाळ होत होती, तेव्हा काही हॉटेलांनी हाडके बांधून द्यायला सुरुवात केली. पुढे लोकांनी कुत्र्याचे नाव पुढे करून स्वतःसाठीच नेले. नैवेद्य देवाचा आणि प्रसाद आपला, हा व्यवहार जाणणाऱ्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. चिनी हॉटेलातला घडीचा, तारेच्या कडीचा कागदी डबा त्याहून जुना. शिकागोच्या फ्रेडरिक विल्कॉक्सने त्याचे पेटंट १८९४ मध्ये घेतले, आणि चीनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. फ्रान्समध्ये हॉटेलातले उष्टे घरी नेणे लोकांना इतके लाजिरवाणे वाटे, की मागणाऱ्याला डबा दिलाच पाहिजे असा कायदा करावा लागला. तो जुलै २०२१ पासून लागू झाला. लाज कायद्याने गेली की नाही, ते फ्रेंच लोकच जाणोत.

मराठी घरात हाच पेच सोवळ्याच्या बाजूने सुटतो. पाहुणा निघताना त्याच्या हाती लाडूचिवड्याचा डबा देणे हे अगत्य. पण त्याच्याच ताटातले खरकटे बांधून देणे हा अपमान. अमेरिकेत नेमके ताटातलेच बांधतात. आई त्यावर तोडगा काढतात. ताट आल्याबरोबर, पहिला घास घ्यायच्या आधीच, त्या स्वच्छ चमच्याने निम्मे अन्न बाजूला काढून डबा मागतात. घास घेतलेला नसल्यामुळे ते उष्टे नाही. आहारतज्ज्ञही आधीच निम्मे बाजूला काढा असेच सांगतात, पण त्यांचे कारण निराळे.

गोड मागवायला जागा उरलेली नसते, म्हणून एकच केक आणि चार चमचे मागवले जातात. तो केकही डब्यात जातो.

बिल आले की आणखी एक झटापट होते. दोन मराठी कुटुंबे एकत्र जेवली असतील तर दोन्ही कर्ते पुरुष एकाच वेळी उठतात, बिलाचे काळे पाकीट धरतात, “हे चालायचं नाही हं, मागच्या वेळी तुम्ही दिलंत” म्हणतात. वेट्रेसला क्षणभर भांडण जुंपले असे वाटते, मग ती सवयीने दूर उभी राहते. नव्या पिढीत असे होत नाही. ती पोरे फोनवरच्या अॅपात मांडतात, की पाव कोणी किती खाल्ला.

त्यानंतर टीप. सरकारने टीप घेणाऱ्या नोकरांसाठी ठरवलेले किमान रोख वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ते बदललेले नाही; टीप धरूनही सर्वसाधारण किमान वेतन भरत नसेल तर फरक मालकाने द्यायचा असतो. काही राज्यांनी याहून जास्त ठरवले आहे, पण बऱ्याच ठिकाणी आपली काळजी घेणाऱ्या त्या बाईचा पगार म्हणजे मुख्यतः गिऱ्हाइकाच्या मनाचा मोठेपणा. हे मुलाने समजावून सांगितल्यावर बडीशेपेच्या बशीत सुटे नाणे ठेवणारे बाबा गप्प होतात. बिलावर १८, २० आणि २५ टक्क्यांचे आकडे छापलेलेच असतात. न्यू यॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे, म्हणून तिथले लोक कराची दुप्पट करून टीप ठेवतात. बाबांना याची गरज नसते. पावकी, निमकी, दिडकी लहानपणी घोकलेली असते. मुलगा फोन खिशातून काढीपर्यंत ते ‘एक पंचमांश’ म्हणून आकडा सांगून मोकळे होतात, आणि तो कराआधीच्या रकमेवर काढलेला असतो. वेट्रेसला निरोप देताना ते तिला तिचे गाव, शिक्षण आणि घरी कोण कोण असते हे विचारतात. तीही सगळे सांगते, आणि डब्यात दोन पाव जास्तीचे टाकून देते.

घरी आल्यावर डबे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावेत आणि तीन-चार दिवसांत संपावेत, असा तिकडच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. मराठी स्वयंपाकघराला शिळ्या अन्नाचे वेगळे मार्गदर्शन लागत नाही. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात याच गरजेतून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई चीजमध्ये घट्ट झालेला पास्ता कढईत मोकळा करतात. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता, वरून लिंबू आणि कोथिंबीर. मूळ इटालियन, मुक्काम अमेरिका, आणि चव पोह्यांची. हॉटेलात बेचव म्हणून बाजूला सारलेला हा पदार्थ घरात मागून मागून खाल्ला जातो. जास्तीच्या पावांचा तिसऱ्या दिवशी चुरा होतो. त्याला शेंगदाण्याची फोडणी.

डबा मात्र टाकत नाहीत. काळ्या तळाचा, पारदर्शक झाकणाचा तो प्लास्टिकचा डबा घासून, पुसून, ओट्याखालच्या कपाटात आधीच्या सव्वीस डब्यांवर ठेवला जातो. कशात मेतकूट, कशात दाण्याचे कूट, कशात भारतातून आणलेली कसुरी मेथी. पुढच्या शनिवारी कोणी जेवायला येते, जाताना त्याच्या हाती चकल्यांनी भरलेला तोच डबा दिला जातो, आणि दारात उभे राहून आई सांगतात, “डबा परत नाही आणला तरी चालेल हं.”